मुंबई ते लंडन : अंतर तेच, वाट निराळी

श्रोतेहो, मुंबईहून लंडन किती लांब, असे विचारले तर भूगोलाचे मास्तर मैल सांगतील आणि इतिहासाचे मास्तर म्हणतील, "कोणत्या साली?" दोघांचेही बरोबर आहे.

शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो इराण, कॉकेशस, युक्रेन, जर्मनी असा जाईल. हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैल. ते काही बदलत नाही. पण दोऱ्यावरून माणसाला सरळ जाता येते थोडेच!

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजचे विमान हिंदुस्थानचे टपाल घेऊन लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाले. स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान, आणि इजिप्तहून बगदाद, बसरामार्गे कराची. सात दिवस लागत. मधेच आगगाडी का? तर इटलीशी परवान्याचे जमले नव्हते. पुढे १९३२ साली इराणचा किनारा बंद झाला, तेव्हा वाट समोरच्या अरबी किनाऱ्यावर, शारजाला गेली.

कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबईस कसे येणार? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ते लहानशा विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला घेऊन आले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, स्वतंत्र भारताचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनीव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. आठवड्याचे काम दोन दिवसांवर आले. केवढी ही प्रगती! पण तिची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनीव्हाकडे जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. आतील ४८ जण दगावले. त्यांत बरेचसे भारतीय खलाशी होते, बरं का. परदेशात बोटीवर कामाला रुजू व्हायला निघालेले. दर्यावर जन्म काढणारी ही माणसे बर्फात संपली.

१९६० साली एअर इंडियाची जेट विमाने या मार्गावर आली. आज मधे कुठे न उतरता नऊ-दहा तासांत लंडन गाठता येते. परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. १९३२ सालची गोष्टच जणू पुन्हा घडली.

तेव्हा शिक्षकमित्रांनी मुलांना मैल जरूर पाठ करायला लावावेत. पण वेळ मैलांवर ठरत नाही, हेही सांगावे. तो यंत्रावर ठरतो, वाऱ्यावर ठरतो, आणि शेजाऱ्याशी आपले कसे चालले आहे यावरही ठरतो.