थांबलेला तांडा

वऱ्हाडच्या इतिहासात १८०३ हे साल मोठे महत्त्वाचे मानितात. त्या वर्षी २९ नोव्हेंबर रोजी अकोल्याच्या उत्तरेस आडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क कायमचा संपला. हा वृत्तान्त आम्ही महाविद्यालयात पुष्कळ वर्षे शिकवीत आलो आहोत. कोणत्या बाजूस किती तोफा होत्या, घोडदळ कोठे उभे होते, किल्ल्याची भिंत कोणत्या अंगाने फोडली, हे सर्व आम्ही फळ्यावर रेघा ओढून समजावून देत असू.

काही वर्षांपूर्वी असाच तास संपल्यावर मानोऱ्याकडील एका तांड्यातून आलेली विद्यार्थिनी आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, एवढ्या फौजेला धान्य कोण आणून देत होते?" वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ लोकांचा उल्लेख वारंवार येतो व त्यांच्या बैलांवाचून त्याची फौज चार मजलाही पुढे सरकली नसती, असे आम्ही सांगितले. त्यावर ती इतकेच म्हणाली, "म्हणजे आम्हीच ना?" प्रश्न साधा होता, परंतु इतक्या वर्षांत तो आम्हांस सुचला नव्हता, ह्याची त्या दिवशी आम्हांस लाज वाटली. ज्यांच्या पाठीवर वऱ्हाडचा इतिहास वाहून आला, त्यांचे नाव आमच्या फळ्यावर कधी उमटलेच नव्हते. प्रस्तुत लेख त्या उणिवेची अल्पशी भरपाई होय.

‘बंजारा’ हा शब्द वाणिज्यवाचक आहे असे बहुतेक अभ्यासक मानितात. मिठाचा व्यापार करणाऱ्या शाखेस लभाण अथवा लमाण म्हणतात, तो शब्द ‘लवण’ ह्यापासून आला असे सांगतात. हे लोक स्वत:स मात्र ‘गोर’ म्हणवितात व इतरांस ‘कोर’ म्हणतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीच्या बाजारात धान्याचे भाव बांधून दिले, तेव्हा धान्य वाहणाऱ्या कारवानांस बायकामुलांसह व जनावरांसह यमुनेच्या काठी वसावयास लाविले, असे बरनीच्या इतिहासात आहे. हे कारवानवाले बंजाऱ्यांचे पूर्वज असावेत. इंग्रज प्रवासी पीटर मंडी ह्यास १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना वाटेत एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते व सर्वांच्या पाठीवर धान्य लादलेले होते. त्यांची मजल दिवसाकाठी सहासात मैलांहून अधिक होत नसे. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये ह्यानेही दहाबारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेविले आहे. आजच्या मालगाडीशी ह्या संख्येची तुलना केली असता तांडा म्हणजे काय वस्तू होती ह्याची कल्पना येईल.

दक्षिणेत हे लोक कसे आले ह्याविषयीची परंपरा वऱ्हाडातच टिपली गेली. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान ह्याच्या स्वारीबरोबर राठोड कुळीचे भंगी व जंगी हे दोन नायक १,८०,००० बैल घेऊन व वडत्या कुळीचा भगवानदास ५२,००० बैल घेऊन दक्षिणेत उतरले, असे ती परंपरा सांगते. वजिराने भंगी-जंगी ह्यांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला. त्यात कोणाच्याही रांजणातील पाणी व छपरावरील गवत घेण्याची मुभा, दिवसाकाठी तीन खुनांची माफी, आणि जेथे वजिराचे घोडे तेथे ह्यांचे बैल, असा मान होता म्हणतात. बैलांचे आकडे फुगलेले असतील, ताम्रपटही दंतकथा असेल; परंतु ज्या लोकांस पाणी आणि गवत ह्यांची सनद सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली हवी होती, त्यांचे जीवन कशावर उभे होते हे त्या दंतकथेइतके स्पष्ट दुसरे काहीही सांगत नाही.

तांड्याचा मुख्य नायक. त्याच्या हाताखाली कारभारी. आणि तंटे मिटविण्यास ‘नसाब’ म्हणजे पंचायत. लढणाऱ्या दोन्ही पक्षांस धान्याची गरज असे, म्हणून तांड्यास सहसा कोणी हात लावीत नसे. ह्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: जे धान्य दुष्काळी मुलखात पोहोचून माणसे जगवी, तेच धान्य फौजेस पोहोचून गावे जाळण्याचे बळ देई. बंजाऱ्यांस ह्यांतील निवड क्वचितच करावयास मिळे.

त्यांच्या श्रद्धेचे एक चिन्ह आम्हांस विशेष हृद्य वाटते. तांड्यात बालाजीच्या नावाने सोडलेला एक बैल असे. त्यास ‘हटाड्या’ म्हणत. त्याच्या पाठीवर कधीही ओझे लादीत नसत. तांबड्या रेशमाचे गोंडे, कवड्या व पितळी घुंगरे ह्यांनी त्यास शृंगारीत. तो जेथे थांबे तेथे तांडा उतरे, आणि आजारी माणसास त्याच्या पायाशी नेऊन नवस बोलत. हजारो बैल ओझ्याने वाकलेले असता एका बैलाची पाठ मोकळी राखावी, ह्यात ह्या लोकांची आपल्या जनावरांविषयीची कृतज्ञता दिसून येते.

आता प्रश्न असा की, ज्यांस दगडी वाडे नाहीत, ज्यांच्या भाषेस स्वत:ची लिपी नाही, अशा चालत्या लोकांनी आपला इतिहास ठेवावा तरी कोठे? येथे मध्य आशियातील कझाक लोकांचे उदाहरण उपयोगी पडते. तेही शतकानुशतके घोडे व मेंढ्या घेऊन गवताळ रानांतून फिरणारे लोक. त्यांचे घर म्हणजे नमद्याचा उचलता तंबू, आणि त्यांचा ग्रंथ म्हणजे ‘दोम्ब्रा’ हे दोन तारांचे वाद्य. त्यावर वाजविल्या जाणाऱ्या ‘कुय’ नावाच्या रचना शब्दांवाचून कथा सांगतात. एका प्रसिद्ध कुयाची कथा अशी की, खानाचा मुलगा शिकारीत रानगाढवांच्या पायांखाली मेला. जो ही वार्ता सांगेल त्याच्या घशात तापलेले शिसे ओतीन अशी खानाची धमकी होती. तेव्हा एका वादकाने तोंडाने काही न बोलता ती वार्ता दोम्ब्र्यावर वाजवून दाखविली, आणि शिसे ओतले गेले ते दोम्ब्र्याच्या पोटात. प्रत्येक कझाक मुलास आपल्या सात पूर्वजांची नावे पाठ असावी लागत, व सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नसे.

आमच्याकडील बंजाऱ्यांची तऱ्हा ह्याहून फारशी निराळी नाही. राठोड, चव्हाण, पवार, वडत्या अशा त्यांच्या कुळी, सोयरीक कुळीबाहेर, आणि वंशावळी मुखोद्गत ठेवण्याचे काम ढाडी ह्या गायकांकडे. गोर-बोली ही राजस्थानी बोलींच्या कुळातील. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहितात. तिचे खरे भांडार मात्र गाण्यांत आहे. होळीस स्त्रीपुरुष फेर धरून ‘लेंगी’ गातात. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला असेल तेथे ‘धुंड’ होते. बाळावर कापड धरून काठ्यांचा गजर करीत त्यास आशीर्वाद देतात. श्रावणात कुमारिका टोपल्यांत गहू पेरून ‘तीज’ मांडितात, रोज पाणी घालून गाणी गातात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते अंकुर पाण्यात सोडतात.

ह्या सर्वांत मर्मस्पर्शी प्रकार म्हणजे ‘ढावलो’. लग्न ठरलेल्या मुलीने सासरी जाताना रडत-गात आपल्या माणसांचा निरोप घ्यावयाचा. निघताना तिला बैलाच्या पाठीवर उभी करीत व तेथून ती तांड्यास उद्देशून ‘हवेली’ म्हणे. कझाक वधूही घर सोडताना ‘सिंसू’ नावाचे विलापगीत गाते, हे वाचून आम्हांस प्रथम नवल वाटले. परंतु थोडा विचार केला असता त्यातील कारण कळते. गावात राहणाऱ्या मुलीस आपले माहेर कोठे आहे हे ठाऊक असते. सण आला की ती वाट धरते. फिरत्या लोकांची मुलगी सासरी गेली म्हणजे तिचे माहेर उद्या कोणत्या रानात असेल हे कोणीच सांगू शकत नसे. म्हणून तिचे रडणे हा केवळ रिवाज नव्हता. कित्येकदा ती खरोखरीच अखेरची भेट असे.

गाण्यांप्रमाणेच वस्त्रांचे. फेट्या नावाचा घेर, कांचळी, डोईवरील ओढणी, आणि त्यांवर भिंगे, कवड्या, नाणी व रंगीत धाग्यांचे दाट भरतकाम. केसांत चांदीची टोपली, दंडापर्यंत बलिया. शहरी लोक ह्यास भडकपणा समजतात. वस्तुत: ज्यास तिजोरी नाही त्याने संपत्ती अंगावर शिवूनच बाळगावयाची. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामास आज भौगोलिक मानांकन लाभले आहे.

हा चालता संसार थांबला कसा? वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवरून गंगेकाठच्या मिर्झापुरास जात असे. १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी ह्या पेढीने वऱ्हाडातून मुंबईस कापूस धाडिला तोही ५०० बैलांवर. पुढे लोहमार्ग आला. अकोला, बडनेरा अशी मजल करीत १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, १८७० साली खामगावास फाटा गेला, आणि बैलाच्या पाठीवरील व्यापार एका पिढीत बसला. आमच्या अमरावती-अकोल्यास ह्याच गाडीने पेढ्या, जिनिंग कारखाने व शाळा आणिल्या. आम्हा पांढरपेशा घराण्यांचा उदय तिच्यामागोमाग झाला. एकाच शिटीने आमची सकाळ झाली व तांड्याची सायंकाळ झाली, ही गोष्ट आम्ही विसरून गेलो आहोत.

जो रिकामा झाला तो संशयितही झाला. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे काही प्रांतांत बंजाऱ्यांच्या कित्येक शाखा त्याच्या जाळ्यात सापडल्या. भंगी-जंगी ह्यांची वर सांगितलेली कथा ज्याने लिहून घेतली तो कंबरलेज वऱ्हाडच्या पोलिस खात्यातील अधिकारी होता, व त्याचे टिपण १८६९ च्या सुमाराचे आहे. ह्या समाजाची वऱ्हाडातील पहिली तपशीलवार हकीकत एका पोलिसाने लिहिली, ह्याहून अधिक बोलके ते काय असणार? कझाकांच्या वाट्यास ह्याहूनही भयंकर दैव आले. सोव्हिएत सरकारने त्यांची जनावरे हिरावून त्यांस सक्तीने सामुदायिक शेतीवर बसविले, आणि १९३० ते १९३३ ह्या वर्षांच्या दुष्काळात तेथे सुमारे १५ लाख माणसे मेली. परंतु १९९१ साली त्यांस स्वत:चे राष्ट्र मिळाले, आणि २०१४ साली दोम्ब्र्यावरील कुय व नमद्याचा तंबू ह्या दोहोंची युनेस्कोने जगाच्या वारशात नोंद केली.

आमच्याकडे तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बंजारे शेती व मजुरी करू लागले. कित्येक आजही ऊसतोडीस दूरच्या मुलखात जातात. यवतमाळ जिल्ह्यातील गहुली गावी १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही ह्या समाजाच्या कर्तृत्वाची साक्ष होय. मात्र एकाच रक्ताच्या ह्या लोकांस महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती व तेलंगणात अनुसूचित जमाती अशा तीन खान्यांत घातले आहे. २०११ च्या जनगणनेत लंबाडी-लमाणी ह्या नावाखाली ३२ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदविली, व ती संख्या हिंदीच्या पोटात जमा झाली. जुन्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीस तेथे लोटणारा समुदाय पाहिला म्हणजे तांडा मोडला असला तरी तांड्याची ओढ मोडलेली नाही, हे ध्यानात येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा वारशाचे संग्रहालयही उघडले.

संग्रहालयात फेट्या ठेविता येईल, नंगारा ठेविता येईल. ढावलो कसा ठेवावा? तो पाठ केलेल्या ओळींचा नसतो. जुन्या चालीवर प्रत्येक मुलगी आपल्या बापाचे, भावाचे, मैत्रिणीचे नाव गुंफीत जाते, आणि ही कला वडीलधाऱ्या बायकांजवळ बसूनच येते. आता लग्नात बँड वाजतो, आणि शिकलेल्या मुलीस सर्वांसमोर रडत गाण्याचा संकोच वाटतो. त्याबद्दल तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. तिचा पोशाख व बोली ह्यांस हसणारे लोक आमच्याच आळ्यांत राहतात.

वर सांगितलेल्या विद्यार्थिनीने पुढे एक वही आम्हांस आणून दाखविली. आजीने म्हणून दाखविलेला ढावलो तिने देवनागरीत उतरविला होता. त्यातील पाचसहा शब्दांखाली तिने रेघा मारल्या होत्या. त्यांचा अर्थ तिला माहीत नव्हता आणि आईलाही सांगता आला नव्हता. आम्हांस तो येण्याचा प्रश्नच नव्हता. सुटीत घरी जाऊन आजीलाच विचार, आणि सुटीची वाट न पाहता ह्याच रविवारी जा, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो. आडगावचा धडा आम्ही अजूनही शिकवितो. मात्र आता फळ्यावर तोफांच्या रेघा ओढण्यापूर्वी बैलांची एक लांब रांग काढितो, आणि तिच्या शेवटी एक बैल बिनओझ्याचा ठेवितो.