खेळ : मुलांच्या मनाची भाषा

रायगड जिल्ह्यात बालकांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. पनवेल तालुक्यातील आपट्याच्या ईशान्येला, काही कोसांवर, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले. निवासी आश्रमशाळेत असल्यामुळे काही मुले बचावली. त्यांचे घर मात्र उरले नाही. त्याआधी महाड तालुक्याने २००५ साली जुई आणि दासगाव, तर २०२१ साली तळिये येथे हेच पाहिले होते. घरांची मोजदाद होते, नुकसानभरपाई ठरते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात काय कोसळले, याचा पंचनामा होत नाही.

प्रौढ माणूस दुःख बोलून दाखवू शकतो. लहान मुलाकडे तेवढे शब्द नसतात, ते खेळते. या साध्या निरीक्षणावर क्रीडोपचार, अर्थात प्ले थेरपी, उभी आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ॲना फ्रॉईड आणि मेलानी क्लाइन यांनी मुलांच्या मनोविश्लेषणात खेळाला स्थान दिले. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी वाळूचा ट्रे आणि छोट्या प्रतिकृती मुलांपुढे ठेवून त्यांना स्वतःचे 'जग' मांडू दिले. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांच्या १९४७ च्या ग्रंथाने या पद्धतीला शिस्त दिली. मुलाला आहे तसे स्वीकारावे, घाई करू नये, खेळाची दिशा त्यालाच ठरवू द्यावी. मर्यादा मात्र मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही, ही त्यांतली पहिली.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. वाळू, माती, चिंध्यांची बाहुली, भातुकली, डॉक्टरचा संच, प्राण्यांची चित्रे, रंगखडू एवढ्यावर बरेच काम होते. अवघड आहे ते मोठ्यांनी गप्प बसणे. मुलाने निळी झाडे काढली की 'झाड हिरवे असते' असे सांगण्याचा मोह आपल्याकडे फार! थेरपिस्ट असे सुधारत नाही, तसेच प्रत्येक चित्राचा अर्थही लावत बसत नाही. बाहुलीला मुलाने पुनःपुन्हा झाकून ठेवले, तर 'तिला आता कुणी दिसू नये असे वाटतेय' एवढेच तो म्हणतो. आपले कुणीतरी समजून घेतले, हे मुलाला कळते आणि पुढचा खेळ ते स्वतः मांडते.

आपत्तीनंतर मुले घर पडण्याचा किंवा कुणीतरी गाडले जाण्याचा खेळ खेळतात, तेव्हा घरातील माणसे घाबरून तो थांबवतात. वास्तविक, बऱ्याचदा ही मनाची स्वतःची दुरुस्ती असते. खेळात हळूहळू बदल होतो, मदतीला कुणी येते, घर पुन्हा उभे राहते. तसे न होता तोच प्रसंग, त्याच क्रमाने, आनंद न मिळता महिनोन्महिने चालू राहिला, तर मात्र सावध व्हावे. कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे १९७६ साली शाळेच्या बसमधून २६ मुलांचे अपहरण झाले होते. त्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करताना मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांना असाच अडकून पडलेला खेळ आढळला. तो आपोआप सुटत नाही. तिथे प्रशिक्षित माणूस हवा.

पालकांचा सहभागही महत्त्वाचा ठरतो. २००५ साली स्यू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात क्रीडोपचाराचा लाभ दिसलाच. शिवाय तज्ज्ञांकडून शिकून पालकांनी घेतलेल्या खेळसत्रांचा परिणाम अधिक आढळला. अर्थात, 'दरड कशी आली ते करून दाखव' असा आग्रह नवशिक्याने मुलाला कधीही करू नये. झोप उडणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, बोलणे बंद होणे, शाळेला सतत नकार, ही लक्षणे काही आठवडे टिकली तर बालमानसतज्ज्ञाकडे जावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही प्राथमिक सल्ला मिळतो.