ॲपमध्ये एपीआय की टाकताय? आधी हे वाचा

समजा, तुम्ही एसटीचे थांबे नकाशावर दाखवणारं अँड्रॉइड ॲप बनवताय आणि थांब्याची मराठी माहिती इंग्रजीत बदलून द्यायची सोयही त्यात हवी आहे. नकाशा आणि भाषांतर, दोन्ही गूगल क्लाउडकडून येणार. प्रत्येक वेळी गूगलच्या सर्व्हरला कळायला हवं की ही विनंती कोणाच्या प्रोजेक्टची आहे आणि हिशेब कोणाच्या खात्यात धरायचा. त्यासाठी असते एपीआय की.

की मिळवणं सोपं आहे. गूगल क्लाउड कन्सोलवर प्रोजेक्ट बनवा, बिलिंग खातं जोडा, 'मॅप्स एसडीके फॉर अँड्रॉइड' चालू करा आणि क्रेडेन्शियल्सच्या पानावर की तयार करा. ती ॲपमध्ये पेस्ट केली की नकाशा दिसायला लागतो. बरेच व्हिडिओ इथेच संपतात, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो.

कारण एपीके म्हणजे एक झिप फाइल. फुकटात मिळणाऱ्या टूलने ती कोणीही उघडू शकतं, आणि तुमची की आत सरळ वाचता येते. आरएट वापरून कोडमधली नावं बदलतात, पण आत लिहिलेला मजकूर तसाच राहतो. बेस ६४ करून ठेवणं म्हणजे तर कुलूप न लावता नुसतं दार ओढून घेणं. फोनमध्ये गेलेली की जगजाहीर झाली, असंच धरून चाला.

मग नकाशाचं काय? त्या कीवर दोन बंधनं घाला. पहिलं, ती कोणत्या ॲपमधून चालेल: इथे पॅकेज नेम आणि ॲप ज्या सर्टिफिकेटने साइन झालंय त्याचा एसएचए-१ ठसा द्यायचा. दुसरं, ती कोणत्या एपीआयसाठी चालेल: फक्त मॅप्स एसडीके निवडा.

एसएचए-१ जवळ भलेभले अडकतात. डीबग बिल्डचा ठसा वेगळा, तुमच्या रिलीज कीचा वेगळा. शिवाय प्ले स्टोअरवर प्ले ॲप साइनिंग वापरलं, तर गूगल ॲप पुन्हा स्वतःकडच्या कीने साइन करतं, म्हणजे तिसरा ठसा. तो प्ले कन्सोलमध्ये मिळतो. तो टाकला नाही, तर तुमच्या फोनवर मस्त चालणारा नकाशा स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये कोरा दिसतो, कोपऱ्यात नुसता गूगलचा लोगो.

भाषांतराला हा उपाय पुरत नाही. ती साधी वेब विनंती असते. पॅकेज नेम आणि ठसा तिच्या हेडरमध्ये जातात आणि ते कोणीही खोटे भरू शकतं. भाषांतराचे पैसे अक्षरांच्या संख्येवर लागतात, त्यामुळे दुसऱ्याने तुमची की वापरली तर बिल तुम्हालाच. म्हणून मधे स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा. ॲप सर्व्हरशी बोलेल, सर्व्हर गूगलशी.

सर्व्हरची ओळख म्हणजे सर्व्हिस अकाउंट. हे माणसाचं नाही, प्रोग्रामचं खातं. त्याला फक्त भाषांतर वापरायचा रोल द्या. ओनर किंवा एडिटर अजिबात नको. सर्व्हर क्लाउड रनवर असेल तर सर्व्हिस अकाउंट थेट जोडता येतं, जेसन की फाइल डाउनलोड करायची गरजच पडत नाही. गूगलची लायब्ररी स्वतः टोकन आणते. ते साधारण तासाभरात संपतं आणि ती नवीन घेते. ती जेसन फाइल ॲपमध्ये टाकणं म्हणजे घराची किल्ली दारालाच लटकवणं.

पण सर्व्हर सगळ्यांना उघडा ठेवला तर नळ फक्त सरकवला, बंद नाही केला! फायरबेस ऑथेंटिकेशनने लॉगिन घ्या, प्रत्येक विनंतीबरोबर आलेलं आयडी टोकन सर्व्हरवर तपासा आणि एका युजरला दिवसाची मर्यादा ठेवा.

बजेट अलर्टवर भिस्त ठेवू नका. तो फक्त ईमेल पाठवतो, वापर थांबवत नाही. थांबवायचा असेल तर एपीआयचा कोटा कमी करा.

की चुकून गिटहबवर गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. नवीन की बनवा, ॲपमध्ये बदला आणि जुनी डिलीट करा. ती बंधनाशिवायची असेल तर नवीनची वाट न पाहता जुनी आधी उडवा. थोडा वेळ ॲप बंद पडलं तरी चालेल.