अध्यक्षांविरुद्धची तक्रार

खेळाच्या संघटनेत एखाद्या मुलीला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे करायची? प्रशिक्षकाविरुद्ध असेल तर अध्यक्षांकडे, असे उत्तर सहज देता येते. पण तक्रार अध्यक्षांविरुद्धच असेल तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात कसकसे दिले गेले, याचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची सुरुवात चंदीगडपासून करावी लागेल. या शहराने आणि त्याला खेटून असलेल्या पंचकुल्याने हा प्रश्न तीन वेळा पाहिला आहे. मी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त इथे राहते. इथल्या जुन्या रहिवाशांशी बोलताना या प्रकरणांपैकी एखादे तरी निघतेच, आणि निघाले की आवाज थोडा खाली येतो.

पहिले प्रकरण 18 जुलै 1988 चे. चंदीगडमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी होती. तिथे पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांनी केली. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. ऑक्टोबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी 1996 मध्ये चंदीगडच्या न्यायालयाने गिल यांना दोषी ठरवले. पुढे तुरुंगवासाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांची सुटका झाली, पण दोष कायम राहिला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला.

याचा खेळाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध असा, की 1994 पासून गिल भारतीय हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष होते. जानेवारी 1996 मध्ये ते दोषी ठरले, त्याच वर्षी अटलांटाचे ऑलिम्पिक झाले आणि फेडरेशनचे अध्यक्ष तेच राहिले. सिडनी झाले, अथेन्स झाले, अध्यक्ष तेच. 2008 मध्ये फेडरेशनच्या सचिवांवर लाच घेतल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी पुरुषांचा संघ बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. तेव्हा कुठे भारतीय ऑलिम्पिक संघटनेने हस्तक्षेप केला आणि ती कारकीर्द संपली. म्हणजे एका स्त्रीच्या विनयभंगाचा दोष बारा वर्षे आड आला नाही. आड आली ती लाच आणि हार.

दुसरे प्रकरण अधिक जवळचे, कारण त्यात खेळाडू होती, वय वर्षे 14. रुचिका गिऱ्होत्रा पंचकुल्यात टेनिस शिकत होती. हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनचे संस्थापक-अध्यक्ष होते पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड. असोसिएशनचे कार्यालय त्यांच्याच घराच्या गॅरेजमध्ये होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. संघटना, मैदान, कार्यालय आणि घर यांच्यामध्ये भिंतच नव्हती. 11 ऑगस्ट 1990 रोजी राठोड मुलीच्या वडिलांना भेटले. मुलीला परदेशी पाठवू नका, तिच्या खास प्रशिक्षणाची व्यवस्था मी करतो, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कार्यालयात बोलावले. सोबत मैत्रीण होती. तिला प्रशिक्षकाला बोलावण्याच्या निमित्ताने बाहेर धाडले, आणि ती परतली तेव्हा तिने जे पाहिले त्याचीच साक्ष पुढे एकोणीस वर्षे न्यायालयात टिकली.

मुलींनी घरी सांगितले. त्यानंतरच्या काही दिवसांत घडले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण खेळाडूंचा समाज काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे त्यात एकदमच दिसते. पालक आणि शेजारी एकत्र आले, निवेदन तयार झाले, ते सरकारपर्यंत पोचवले गेले. मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून पोलीस महासंचालक आर. आर. सिंग यांनी चौकशी केली आणि 3 सप्टेंबर 1990 रोजी, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, गुन्हा नोंदवावा अशी शिफारस केली. इथवर सारे जसे व्हायला हवे तसेच झाले. पण गुन्हा नोंदवला गेला नाही. असोसिएशनने कारवाई केली, पण मुलीवर. शिस्तभंगाचे कारण देऊन तिलाच निलंबित केले. त्याच महिन्यात तिच्या शाळेने फी थकल्याच्या कारणावरून तिचे नाव पटावरून काढले.

पुढे तिच्या भावावर मोटारचोरीचे एकामागून एक गुन्हे दाखल झाले. ऑक्टोबर 1993 मध्ये त्याला अटक झाली. ही सारी छळवणूक तक्रार मागे घेण्यासाठी होती, असे कुटुंबाचे म्हणणे. ते गुन्हे न्यायालयात टिकले नाहीत, पण छळवणुकीच्या आरोपांवर राठोड यांनाही कधी शिक्षा झाली नाही. 28 डिसेंबर 1993 रोजी रुचिकाने विष घेतले. दुसऱ्या दिवशी ती गेली. राठोड 1999 मध्ये हरियाणाचे पोलीस महासंचालक झाले.

खटला चालवला तो मैत्रिणीच्या आईवडिलांनी, आनंद आणि मधु प्रकाश यांनी. त्यांच्या याचिकेवर 1998 मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. 21 डिसेंबर 2009 रोजी चंदीगडच्या विशेष न्यायालयाने राठोड यांना दोषी ठरवले: सहा महिने कैद आणि 1,000 रुपये दंड. न्यायालयातून बाहेर पडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते सबंध देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. लोक भडकले ते त्या आकड्यांइतकेच त्या हसण्यामुळेही. मे 2010 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा 18 महिन्यांची केली. सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, मात्र वय आणि प्रकृती पाहून शिक्षा तोवर भोगलेल्या कैदेपुरती आणली. दरम्यान त्यांचे पोलीस पदक काढून घेण्यात आले होते.

या काळात कायदा मात्र पुष्कळ बदलला. 1997 मध्ये विशाखा निकाल आला, 2012 मध्ये बालकांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा आला. 2013 मध्ये विनयभंगाला किमान एक वर्षाची शिक्षा ठरली. त्याच वर्षीच्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या कायद्याने ‘कामाचे ठिकाण’ या शब्दांत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागाही स्पष्टपणे धरली. अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, बाहेरची एक सदस्य हवी. कागदावर आता गॅरेज आणि मैदान यांच्यात भिंत उभी आहे.

ती किती पक्की आहे हे तिसऱ्या प्रकरणात दिसले. डिसेंबर 2022 मध्ये हरियाणाच्या एका कनिष्ठ महिला प्रशिक्षकाने राज्याचे क्रीडामंत्री आणि माजी हॉकीपटू संदीप सिंग यांच्याविरुद्ध चंदीगड पोलिसांत तक्रार केली. या वेळी गुन्हा नोंदवायला नऊ वर्षे लागली नाहीत, काही दिवस लागले. हा फरक छोटा नाही. मंत्र्यांनी आरोप नाकारले, क्रीडाखाते सोडले, पण ते मंत्रिमंडळात राहिले. ऑगस्ट 2023 मध्ये खात्याने निलंबित केले ते तक्रारदार प्रशिक्षकालाच. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने मंत्र्यांवर आरोप निश्चित केले. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि ते मी इथे करत नाही. मी फक्त निलंबनाच्या दोन आदेशांकडे बोट दाखवते: 1990 चा आणि 2023 चा.

असे का होते? माझ्या मते उत्तर माणसांच्या स्वभावात कमी आणि संघटनांच्या रचनेत जास्त आहे. आपल्याकडे खेळाच्या संघटनेला जागा हवी असते, परवानग्या हव्या असतात, सरकारी अनुदान हवे असते. हे सारे ज्याच्या शब्दाने मिळते त्याला अध्यक्ष करतात: पोलीस अधिकारी, मंत्री, खासदार. म्हणजे ज्या ताकदीसाठी त्याला आणले, त्याच ताकदीविरुद्ध तक्रार करायची वेळ येते. प्रशिक्षकाला संघटना बदलू शकते. 2010 मध्ये महिला हॉकी संघाच्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार झाली तेव्हा काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. अध्यक्षांच्या बाबतीत मात्र संघटनेला स्वतःचीच मुळे उपटावी लागतात. जानेवारी 2023 मध्ये कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले ते यामुळेच. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्यांनाही फेडरेशनच्या आत दार सापडले नाही. त्या वर्षी उघड झाले, की 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 ठिकाणी कायद्याला हवी तशी अंतर्गत समितीच नव्हती.

तुलनेसाठी अगदी वेगळे उदाहरण घेऊ. जुलै 2020 मध्ये व्हिडिओ गेमच्या लढतींची जगातली मोठी स्पर्धा ‘ईव्हो’ हिच्या प्रमुखांवर जुन्या गैरवर्तनाचे आरोप झाले. दोन दिवसांच्या आत कॅपकॉमसारख्या कंपन्यांनी आपले गेम काढून घेतले, नामवंत खेळाडूंनी माघार घेतली, प्रमुखांना दूर केले गेले आणि त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धाच रद्द झाली. तिथे महासंघ नव्हता, अनुदान नव्हते. खेळाडू आणि कंपन्या उठून गेल्या की मागे काहीच उरत नव्हते. हा मार्ग निर्दोष नाही. त्यात चौकशी होण्याआधीच निकाल लागतो, आणि आरोपीला आपली बाजू मांडायला जागा उरत नाही. पण एक गोष्ट तो दाखवतो: खेळाडूंना उठून जाता आले पाहिजे. पंचकुल्यातल्या मुलीला उठून जायला दुसरे मैदान नव्हते.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांना सुरक्षित खेळाचे धोरण आणि तक्रार निवारणाची व्यवस्था बंधनकारक केली आहे. माझी मुलगी इथल्या एका अकादमीत बॅडमिंटन शिकते. तिच्या प्रवेशअर्जावर रक्तगट, शाळा, बुटांचे माप असे सारे रकाने होते. तक्रार कुणाकडे करायची, ते नाव मात्र कुठेच नव्हते. मी विचारले तेव्हा संचालकांचे नाव सांगण्यात आले. ‘आणि संचालकांविषयी असेल तर?’ असे विचारल्यावर समोरचे गृहस्थ सौजन्याने हसले. पुढच्या महिन्यात आम्ही सहा पालकांनी लेखी मागणी केली, आणि आता फलकावर बाहेरच्या एका महिला वकिलांचे नाव आणि फोन आहे. कुठलाही कायदा शेवटी एवढासाच असतो: भिंतीवर लिहिलेले, अध्यक्षांच्या हाताखाली नसलेल्या कुणाचे तरी एक नाव.