इंजिनखोलीतले पदक

गोसीखुर्दच्या धरणाला तेहतीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा पाहायला माणसांची झुंबड उडते. मी मात्र डिसेंबरात गेलो होतो. दरवाजे बंद, वारा थंड, आणि मागे अडवलेली वैनगंगा तळ्यासारखी स्वस्थ. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढत गेले तशी काठावरची गावे उठली आणि नव्या वसाहतींत जाऊन बसली. अशाच एका पुनर्वसित वसाहतीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ओळख जुनी. मी कविता लिहितो म्हणून ते मला ‘शायरसाहेब’ म्हणतात, त्यात थोडी थट्टाही असते.

समुद्रापासून एवढ्या दूरच्या भंडारा जिल्ह्यात नौसैनिक कुठून आला, असे कुणालाही वाटेल. नदीकाठच्या पोराला पोहता येत होते, भरती निघाली होती, एवढेच त्याचे उत्तर. काकांनी लोखंडी पेटी उघडली. गाव सोडताना घरातले बरेच सामान मागे राहिले, ही पेटी तेवढी आली. तिच्यात कापडात गुंडाळलेली दोन पदके होती. एक पूर्वी स्टार, दुसरे संग्राम मेडल. १९७१च्या युद्धाची. मी ती हातात घेऊन जरा गंभीर झालो, तर काका हसले.

“त्यात का आहे जी? हजेरीचं मेडल व्हय ते. होतो म्हून भेटलं.”

हा शब्द माझ्या मनात अडकून बसला. हजेरीचे पदक. खरे आहे ते. पूर्वी स्टार पूर्व आघाडीवर असणाऱ्यांना मिळाला, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीवर असणाऱ्यांना. शौर्याची पदके वेगळी असतात: परमवीर, महावीर, वीर चक्र, नौसेना मेडल. ती नावानिशी मिळतात. पण पुढे त्यांची गणती होते ती जहाजाच्या नावाने. काका होते विक्रांतवर, बॉयलरच्या खोलीत. त्या युद्धात विक्रांतच्या खाती दोन महावीर आणि बारा वीर चक्रे जमा झाली, असे अभिमानाने सांगितले जाते. महावीर चक्राचे मानकरी होते जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक विमानांच्या तुकडीचे प्रमुख संतोष कुमार गुप्ता.

आता याच विक्रांतची दुसरी गोष्ट. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते, तो बंदच ठेवावा लागे. त्यामुळे जहाजाचा वेग घटला. विमानवाहू जहाजाला वेग कशासाठी लागतो? विमान उडते तेव्हा समोरून जोराचा वारा हवा. वारा पडलेला असेल तर जहाजाने स्वतः धावून तो निर्माण करायचा. म्हणजे वर धावपट्टीवरून जे विमान चितगाव आणि कॉक्स बाजारकडे झेपावले, त्याच्या पंखाखालचा वारा खाली बॉयलरपाशी घाम गाळणाऱ्यांनी पुरवला होता.

“आमाले का दिसते जी समुद्र!” काका म्हणाले. “आमी खाली. वरून हुकूम आला का तेवढं समजे.”

जहाजाची पदके अशी असतात. छाती एकाची, ओझे शेकडोंचे. क्षेपणास्त्र नौकांचेही तसेच. निर्घात, निपात, वीर या नौकांनी ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर हल्ला चढवला, चार दिवसांनी विनाशने पुन्हा तेच केले. त्या तुकडीच्या परंपरेच्या नावे एक महावीर, सात वीर चक्रे आणि आठ नौसेना मेडले आहेत. पुढे ८ डिसेंबर २०२१ रोजी मुंबईत, बाविसाव्या क्षेपणास्त्र नौका स्क्वाड्रनला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान झाले, म्हणजे मान अखेर साऱ्या तुकडीला मिळाला. पन्नास वर्षे लागली, पण मिळाला.

मला मात्र सांगायचे आहे ते यापेक्षा लहान बोटींबद्दल. इतक्या लहान की त्यांना जहाज म्हणताना जीभ अडखळते. आणि त्यांची नावे तर पाहा: पद्मा आणि पलाश. पलाश म्हणजे आपला पळस. फाल्गुनात आपले सगळे रान पेटवतो तो. या दोन्ही मूळच्या कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी. त्यांच्यावर चाळीस मिलिमीटरच्या तोफा बसवल्या आणि त्या मुक्तिवाहिनीला दिल्या. बांगलादेश जगाच्या नकाशावर उमटायचा होता, पण त्याच्या नौदलाचा आरंभ या दोन बोटींनी झाला. अधिकारी भारतीय, खलाशी बहुतेक बंगाली, त्यांतले कित्येक पाकिस्तानी नौदल सोडून आलेले.

या साऱ्यामागे एक मराठी माणूस होता, कमांडर मोहन नारायण राव सामंत. पाणबुडीवाला. करंज या पाणबुडीचा पहिला कप्तान. मार्च १९७१मध्ये फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानच्या मांग्रो पाणबुडीवरून काही बंगाली नौसैनिक निसटले आणि युरोपातून वळसे घेत भारतात पोचले. त्यांना हाताशी धरून पलाशीजवळ, भागीरथीच्या काठी, एक गुप्त छावणी उभी राहिली. शेतकऱ्यांची आणि कॉलेजातली पोरे रात्ररात्र नदीत पोहायला शिकली. चारशेंहून अधिक तरुण तयार झाले. पोटाला गमछाने सुरुंग बांधायचा, प्रवाहाबरोबर जायचे, जहाजाच्या बुडाला तो चिकटवून परत फिरायचे. सुरुंगाची कळ पाण्यात लवकर विरघळे आणि पोहणाऱ्याला पळायला वेळ पुरत नसे, म्हणून तिच्यावर निरोध चढवण्याची युक्ती निघाली. नौदलाला इतके निरोध कशाला हवेत, हा प्रश्न कुणाला पडला असेल तर नवल नाही.

आणि हल्ल्याची वेळ कशी कळवायची? आकाशवाणीवरून! कलकत्ता केंद्राने ठरलेले एक गाणे लावले की तयारीला लागायचे. ते पंकज मलिकांच्या आवाजातले होते. दुसरे लागले की निघायचे. ते होते बाहुलीच्या सासरी जाण्याचे. घराघरांतल्या बायकामाणसांनी ती गाणी सहज ऐकली असतील. १५ आणि १६ ऑगस्टच्या मधल्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत स्फोट झाले. मी आज ज्या माध्यमातून बोलतो आहे त्याने असेही एक काम केले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

डिसेंबरात युद्ध जाहीर झाले तेव्हा सामंतांच्या हाताखाली फोर्स अल्फा नावाचा चिमुकला काफिला होता. पद्मा, पलाश आणि भारतीय नौदलाची पनवेल. आपल्या रायगडातल्या पनवेलचे नाव मिरवणारी बोट बंगालच्या नद्यांतून चालली होती, आणि तिच्यावर एक सामंत. ८ ते ११ डिसेंबर या दिवसांत त्यांनी मोंगला आणि खुलना ही बंदरे गाठली. या बोटी रात्री अरुंद, अनोळखी प्रवाहांतून वर चढत गेल्या. दोन्ही काठ शत्रूचे. समुद्रातल्या लढाईत निदान लांब पळायला जागा असते. नदीत तीही नसते.

१० डिसेंबरची दुपार. बोटी खुलन्याजवळ पोचल्या होत्या. आकाशात विमाने दिसली. ती आपलीच होती, भारतीय हवाई दलाची. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. तरीही विमानांनी झेप घेतली आणि हल्ला केला. पद्मा बुडाली, पलाश बुडाली. एकट्या पनवेलने वळणे घेत जीव वाचवला आणि पुढची कामगिरी पार पाडली. युद्धात असे होते, जगभर झाले आहे. तरी हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतोच. ज्यांच्या गोळ्यांची वाट पाहत होतो त्यांच्या नव्हे, आपल्याच गोळ्यांनी.

पद्मावरचे लीडिंग सीमन चिमण सिंह जखमी अवस्थेत पाण्यात पडले. जवळच एक अधिकारी आणि इतर सहकारी गटांगळ्या खात होते. त्यांना धरून काठाकडे आणले. काठावरून गोळीबार चालूच होता. दोन साथीदारांना निसटता यावे म्हणून हा माणूस शत्रूच्या रोखाने उघड्यावर धावला आणि पकडला गेला. बांगलादेश मुक्त झाल्यावरच त्यांची सुटका झाली. त्यांना महावीर चक्र मिळाले. तो सन्मान पनवेलचे कप्तान जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा यांना मिळाला, सामंतांनाही मिळाला. पलाशचे रॉय चौधुरी आणि पद्माचे मित्तर यांना वीर चक्र. त्या युद्धात भारतीय नौदलाला एकूण आठ महावीर चक्रे मिळाली. त्यांतली तीन या तीन बोटींच्या काफिल्याची. हा हिशेब मी प्रथम मांडला तेव्हा चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजला.

आणि पलाशच्या इंजिनखोलीत होते मोहम्मद रुहुल अमीन. नोआखालीचे. १९५३ साली नौदलात शिरलेले कसबी कारागीर. बोट सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा ते इंजिनापाशीच थांबले. इंजिन चालू राहिले तर बोट वळवता येईल, वाचवता येईल, हा त्यांचा हिशेब. इंजिनखोलीवर गोळे पडले. जखमी होऊन ते नदीत उतरले, रूपशाच्या काठापर्यंत पोचलेही. काठावर रझाकार उभे होते. त्यांनी त्यांना मारले. याच काठावर त्यांची कबर आहे. १५ डिसेंबर १९७३ रोजी बांगलादेशाने आपल्या सात हुतात्म्यांना ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान जाहीर केला. त्या सातांत नौदलाचे एकच नाव आहे, रुहुल अमीन.

सामंत, नोरोन्हा, चौधुरी, मित्तर, चिमण सिंह, रुहुल अमीन. ही यादी मी कवितेत लिहिली असती तर ‘मुद्दाम जमवून आणली’ असा शेरा खात्रीने मिळाला असता. आणि त्यांना मारणारे रझाकारही रुहुल अमीन यांच्याच धर्माचे होते. माझ्या घरात कुणी मला विचारले की माणूस कुठल्या बाजूचा हे कशावरून ओळखायचे, तर मी ही नदी सांगतो.

विक्रांत निदान २०१२पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४मध्ये ती भंगारात निघाली, तरी २०२२मध्ये तिचे नाव नव्या जहाजाला मिळाले. पद्मा आणि पलाश यांचे काय? त्या नदीत गेल्या. भारताच्या पदकांच्या हिशेबात त्या धड आपल्या जहाजांत बसत नाहीत, कारण त्या दुसऱ्याच देशाच्या नावाने लढत होत्या. शिवाय मोहीम गुप्त. महावीर चक्राची पांढरी-केशरी फीत सामंतांच्या छातीवर सर्वांना दिसे, पण ती ज्या कामासाठी मिळाली त्यातले बरेचसे त्यांना बोलता येत नव्हते. कितीतरी वर्षे गेली. अखेर संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिले. ते २०१९मध्ये निघाले. सामंत त्याच वर्षी मार्चमध्ये, पुस्तक हाती येण्याआधीच गेले.

हे सारे मी काकांना सांगत होतो. ऐकता ऐकता त्यांनी पदके पुन्हा कापडात गुंडाळायला घेतली होती. रुहुल अमीन यांच्यापाशी आलो तसे त्यांचे हात थांबले.

“इंजिन चालू होतं का तवा?”

“चालूच ठेवायचं होतं त्यांना, काका. म्हणूनच थांबले.”

“अन् वरून सोडून जाचा हुकूम आला होता?”

“आला होता.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर कुणीतरी गुरे हाकत चालले होते. मग त्यांनी विचारले, “का नाव म्हणले त्यायचं?”

मी नाव पुन्हा सांगितले. त्यांनी ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिले.

“आमच्याच खात्याचे व्हय मंग,” ते म्हणाले, आणि पेटी लावली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)