जुन्या बंदुका : ओळख, मूल्यमापन व जतन

जुन्या बंदुका : नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरण्याच्या, काडतुसी बंदुकांपूर्वीच्या बंदुकांना सामान्यतः ही संज्ञा लावतात. भारतात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांचा प्रसार होता. शस्त्र म्हणून त्या कालबाह्य झाल्या असल्या, तरी तत्कालीन धातुकाम, सैन्यव्यवस्था व व्यापार यांचा त्या प्रत्यक्ष पुरावा होत. हा पुरावा बव्हंशी बंदुकीच्या पृष्ठभागावर असतो आणि अजाणतेपणी केलेल्या दुरुस्तीत तोच प्रथम नष्ट होतो.

ओळख : बार पेटविण्याच्या यंत्रणेवरून बंदुकीचा प्रकार ठरतो. तोड्याच्या बंदुकीत चाप ओढताच जळता तोडा धरणारी पट्टी खाली येऊन प्याल्यातील रंजक पेटविते व ती आग कानातून नळीतील दारूपर्यंत पोहोचते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातील गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडते. केपाच्या बंदुकीत घोड्याच्या आघाताने तांब्याच्या टोपीतील स्फोटक पेटते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. तथापि केवळ यंत्रणेवरून काळ ठरविणे योग्य नव्हे. यूरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे पडलेली तोड्याची बंदूक भारतात एकोणिसाव्या शतकातही वापरात होती; उलट चकमकीच्या अनेक बंदुका पुढे केपाच्या करण्यात आल्या. अशा रूपांतरित बंदुकीवर जुना प्याला काढल्याच्या खुणा व बुजविलेली छिद्रे आढळतात.

दस्त्याच्या घडणीवरून प्रदेश ओळखता येतो. उत्तर व मध्य भारतातील तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ व सडपातळ असतो, तर सिंधमधील दस्ता बराच वाकलेला असतो. श्रीलंकेतील बंदुकीचा दस्ता मागे दुभंगलेला असून तिची यंत्रणा डाव्या बाजूस असते.

नळीवरील खुणा सर्वांत महत्त्वाच्या होत. अकबराच्या शस्त्रागारातील बंदुकींवर लोखंडाचे वजन, ते कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडणीचे स्थळ, वर्ष व अनुक्रमांक यांची नोंद करीत, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत सांगितले आहे. बिकानेरच्या शस्त्रागारातील अनेक शस्त्रांवर ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे व अंक आहेत. टिपू सुलतानाच्या बंदुकींवर वाघाच्या पट्ट्यांचे नक्षीकाम व त्याने सुरू केलेल्या मौलूदी सनाचे आकडे दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकींवर १८०८ पर्यंत हृदयाकृती मुद्रा आणि त्यानंतर सिंहाची मुद्रा असे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी काढलेल्या बंदुका बाहेरून एन्‌फील्डसारख्याच दिसतात; मात्र त्यांच्या नळीत आटे नाहीत. हा भेद त्या काळातील अविश्वासाचा बोलका पुरावा आहे.

कोरलेले वर्ष वाचताना सन कोणता हे प्रथम ठरवावे लागते. शकात ७८ मिळविल्यास व विक्रम संवतातून ५७ वजा केल्यास स्थूलमानाने इसवी सन मिळतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्यात नुसते ६२२ मिळवून भागत नाही.

मूल्यमापन : निव्वळ जुनेपणावर किंमत ठरत नाही. मूळ भाग कायम आहेत काय, खुणा वाचता येतात काय, बंदूक कोणाकडून कोणाकडे आली याचे कागद आहेत काय आणि तो नमुना किती दुर्मिळ आहे, या गोष्टी पाहतात. वेगवेगळ्या बंदुकींचे भाग जोडून केलेल्या, तसेच सरहद्द प्रांतात इंग्रजी नमुन्यांवरून बनविलेल्या नकला बाजारात येतात. उलटी कोरलेली अक्षरे किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेजवळ तिच्या मृत्यूनंतरचे (१९०१) वर्ष, अशा विसंगतींवरून त्या ओळखू येतात.

जतन : बंदूक हाती येताच ती भरलेली आहे असेच समजावे. जुनी दारू कोरडी असल्यास आजही पेटू शकते. नळीत लाकडी काठी घालून आतील खोली मोजतात व ती बाहेरून तोंडापासून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहतात. काठी लक्षणीयरीत्या आधीच अडल्यास आत बार असण्याची शक्यता असते. तो काढण्याचे काम तज्ञाकडेच सोपवावे. जुनी बंदूक उडवून पाहणे सर्वथा वर्ज्य होय. नळीच्या आतील गंज व सांध्यांतील चिरा बाहेरून दिसत नाहीत.

पॉलिश कागदाने लोखंड चकचकीत केल्यास नळीवरील जौहर, मूळ तपकिरी लेप व उथळ अक्षरे जातात. कोफ्तगारीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविलेली असते. हा थर इतका पातळ असतो की घासताच तो निघून येतो. म्हणून मऊ कुंचल्याने धूळ झाडणे, सैल लाल गंज तेवढा हलक्या हाताने काढणे व मेणाचा पातळ थर देणे एवढ्यावरच थांबावे. घामातील क्षारांनी लोखंड गंजत असल्यामुळे हातमोजे वापरावेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवणे लोखंड व लाकूड या दोहोंना मानवते.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य वा पुराणवस्तुमूल्याच्या शस्त्रांनाच परवान्यातून सूट आहे, चालू शकणारी बंदूक केवळ जुनी म्हणून मुक्त ठरत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होतो व त्यांची खाजगी निर्यात निषिद्ध आहे.

सारांश, जुन्या बंदुकीची दुरुस्ती म्हणजे ती पुन्हा चालती करणे नव्हे, तर तिच्यावरील नोंदी पुढील अभ्यासकाला वाचता येतील अशा अवस्थेत राखणे होय. गंज थोपविता येतो. घासून टाकलेले अक्षर मात्र परत मिळत नाही.