संगणकाने न ओळखलेल्या कार्डाची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका उपकरणाच्या अकरा दिवसांच्या नोंदी ६४ जीबीच्या मेमरी कार्डावर साठवलेल्या होत्या. ते कार्ड आम्ही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात घातले. हा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. एक जुने मोजणीयंत्र फक्त त्यालाच जोडता येते, म्हणून त्याला निवृत्ती मिळालेली नाही. पडद्यावर काहीही उमटले नाही. कार्ड काढले, पुसले, पुन्हा घातले, तरीही शांतता. मग यूएसबीचा नवा कार्ड रीडर जोडला. आता कार्ड दिसले, पण सोबत प्रश्न आला: डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, आता करायची का? शेजारच्या विद्यार्थ्याचे बोट ‘होय’कडे निघालेच होते, त्याला थांबवले. संध्याकाळी तेच कार्ड एका नव्या लॅपटॉपमध्ये घातले, तेव्हा साऱ्या फाइली जागच्या जागी होत्या.

म्हणजे कार्ड बिघडलेले नव्हतेच. आमच्यासमोर एकामागून एक दोन निराळ्या अडचणी आल्या होत्या आणि दोहोंना स्वतःचा इतिहास आहे.

१९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी तरंगत्या गेटची कल्पना मांडली. विद्युतरोधक थरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या वाहकाच्या बेटावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे; वीज गेली तरी ते तिथेच राहतात. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावरची फ्लॅश मेमरी जगासमोर ठेवली आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार. आजच्या कार्डांत तोच असतो. इलेक्ट्रॉन त्या रोधक भिंतीपलीकडे जातात ते क्वांटम बोगद्याने. या प्रक्रियेचा सिद्धांत राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच, धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी, लिहून ठेवला होता. हे फाउलर म्हणजे केंब्रिजमधले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे मार्गदर्शक. श्वेत बटू ताऱ्यांवरचा त्यांचा १९२६ चा निबंध चंद्रशेखरांच्या कामाचा आरंभबिंदू ठरला. खिशातल्या कार्डाचे आणि चंद्रशेखर मर्यादेचे असे दूरचे नाते आहे, हे मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर तो तास मी अधिक लक्ष देऊन ऐकला असता.

पुढे १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. मूळ मानकात कार्डावरच्या प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा पत्ता होता. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्यामुळे ४ जीबीच्या पुढे पत्ते देणे गणितालाच मान्य नव्हते. मानकाने तर मर्यादा २ जीबीवरच आखली. छायाचित्रे मोठी होत गेली तशी ही मर्यादा जाचू लागली. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी मानकाने पत्ता ३२ बिटांचाच ठेवला, पण तो बाइटऐवजी ५१२ बाइटांच्या गठ्ठ्याला दिला. एकेका खोलीऐवजी पूर्ण वाड्याला क्रमांक द्यावा, तसे. या हिशेबाने कमाल मर्यादा २ टीबी होते. २००९ च्या एसडीएक्ससी मानकाची मर्यादा नेमकी तीच आहे.

परंतु जुना रीडर बाइट मोजणार आणि नवे कार्ड गठ्ठे, म्हणजे चुकीच्या जागी लिहिले जाण्याचा धोका. मानक रचणाऱ्यांनी तो ओळखला होता. मोठ्या क्षमतेची कार्डे आपल्याला समजतात, असे रीडरने आरंभीच कळवायचे असते. जुना रीडर तसे कळवत नाही, कारण त्याच्या काळी ते वाक्यच नव्हते. मग नवे कार्ड ‘अजून तयार नाही’ एवढेच सांगत राहते आणि रीडर कंटाळून नाद सोडतो. आमच्या पडद्यावरची शांतता ती हीच. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. गप्प बसणारे कार्ड चुकीचे लिहू देणाऱ्या कार्डापेक्षा बरे.

दुसरी अडचण फाइलींच्या मांडणीची. फॅट ही पद्धत १९७७ पासूनची. तिच्या फॅट३२ या रूपात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून एसडीएक्ससीने मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट पद्धत स्वीकारली. ती खासगी मालकीची होती. तिचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ या गाभ्यात तिला जागा मिळाली. मूळ एक्सपीला ती ठाऊक नाही. अनोळखी मांडणी दिसली की तो कार्ड कोरे समजतो आणि फॉर्मॅट करू का, असे विचारतो. ‘मला हे वाचता येत नाही’ एवढेच त्याने म्हटले असते तर जगभरातले किती प्रबंध आणि लग्नाचे किती फोटो वाचले असते!

या इतिहासात आपण कुठे आहोत? १९८८ मध्ये सॅनडिस्कची स्थापना करणाऱ्या तिघांपैकी संजय मेहरोत्रा हे कानपूरचे, पिलानीत शिकून बर्कलीला गेलेले. मासुओकांनी फ्लॅश मांडली त्या १९८४ सालीच मोहालीच्या सेमीकंडक्टर कारखान्यात उत्पादन सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८९ च्या आगीत तो जळाला आणि नेमकी ती वर्षे आपल्या हातून गेली. मेहरोत्रा आज ज्या मायक्रॉनचे प्रमुख आहेत, तिने जून २०२३ मध्ये गुजरातेतील साणंदचा प्रकल्प जाहीर केला. हा प्रकल्प मेमरी चिपांच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे, सिलिकॉनवर चिप घडवण्याचा नव्हे. बातम्या वाचताना हा फरक विसरू नये.

तुमचे कार्ड दिसेनासे झाले, तर आधी दुसरा रीडर आणि दुसरा, नवा संगणक वापरून पाहा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये कार्डाची क्षमता बरोबर दिसते का ते बघा. दिसत असेल तर बहुधा दोष मांडणीत आहे. अशा वेळी कार्डावर काहीही न लिहिता त्याची जशीच्या तशी प्रत काढावी आणि फाइलींचा शोध त्या प्रतीत घ्यावा. कडेची कुलपाची खाच फक्त रीडरला सूचना देते, कार्डाच्या आतल्या चिपला तिचा पत्ताही नसतो. तरी या कामाआधी ती सरकवून ठेवावी. क्षमता शून्य दिसली किंवा कुठल्याच संगणकावर कार्ड उमटले नाही, तर मात्र आतला नियंत्रकच गेलेला असू शकतो. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.